तुंबडीविषयी थोडेसे

आपल्या आलापल्लीच्या मुलखात अंग दुखणे ही तक्रार नसून तो एक दिनक्रमच होय. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची तोडाई, पावसाळ्यात कंबर वाकवून केलेली रोवणी, आणि सागाचे लठ्ठे हलविणाऱ्यांच्या पाठीविषयी तर बोलावयासच नको. अशा शिणलेल्या अंगास तुंबडी लावण्याची चाल महाराष्ट्रात फार जुनी आहे. वैदू मंडळी शिंगे व तुंबड्या घेऊन गावोगाव फिरत. हल्ली तोच उपचार शहरांत ‘कपिंग’ या नव्या नावाने मिरवू लागला आहे. सन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्स या जलतरणपटूच्या खांद्यांवरील वाटोळे डाग साऱ्या जगाने पाहिले, आणि आजीच्या उपायास एकाएकी प्रतिष्ठा आली!

तुंबडीत चमत्कार काहीच नाही. आतील हवा ज्योतीने तापवून ती अंगावर पालथी घातली, की हवा निवते, दाब कमी होतो व कातडी वर ओढली जाते. बारीक रक्तवाहिन्या फुटून डाग उमटतो. त्यास ‘खराब रक्त वर आले’ असे म्हणणे म्हणजे चेंडू लागून काळानिळा झालेल्या पायास शुद्ध झाला म्हणण्यासारखे आहे. तथापि मान व पाठ यांच्या दुखण्यास काही दिवस उतार पडतो, असे काही प्रयोगांत आढळले आहे. ते प्रयोग लहान व कच्चे आहेत खरे. पण थकलेल्या माणसास घटकाभर स्वस्थ निजविणे हाही काही लहान लाभ नव्हे. तेव्हा कोरड्या तुंबडीशी आमचे भांडण नाही. भाजणार नाही एवढी काळजी घ्यावी, म्हणजे झाले.

भांडण आहे ते कातडीस चिरा देऊन रक्त काढण्याशी. एकच पाते अनेकांस लावल्याने कावीळ व इतर रोग पसरतात, हे एक. दुसरे याहून गंभीर आहे. गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, सांधे व पाठ यांत असह्य कळा उठतात. घरच्यांस वाटते, पोर कामाने शिणले. ज्याच्या अंगी मुळातच रक्त थोडे, त्याचेच रक्त आपण काढावयाचे, यास उपचार कसे म्हणावे?

‘आमच्या वाडवडिलांस याने गुण आला,’ असे कोणी म्हणेल. परंतु वाडवडिलांचे शास्त्रही पुरते वाचावयास हवे. शिंग, जळू व भोपळा यांनी रक्त काढण्याचा विधी सांगणारा सुश्रुतच पांडुरोगी व गर्भिणी यांच्या सुजेतून रक्त काढू नये, असे बजावतो. तो निर्बंध विसरून केवळ भोपळा तेवढा लक्षात ठेवणाऱ्यास परंपरेचा अभिमानी म्हणता येत नाही. स्वतःची तुंबडी भरणारे तर प्रत्येक काळी असतातच, असो.

दवाखाना दूर आणि वैदू दारात, ही अडचण खोटी नाही. पण सन २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून, पहिल्या चाचणीस बोटातील थेंबभर रक्त पुरते. ज्या मुलाचे हातपाय वरचेवर दुखतात, त्याचा तो थेंब आधी तपासून घ्यावा. पाठीवर तुंबडी ठेवावयाची की नाही, हे मग ठरविता येईल.