बासरी ओठांना लावण्यापूर्वी

निवृत्तीनंतर किंवा मोठ्या आजारातून उठल्यावर कपाटातली जुनी बासरी पुन्हा हाती घेणारी ज्येष्ठ मंडळी अनेक घरांत आढळतात. श्वास, बोटे आणि मन या तिन्हींना ती कामाला लावते, त्यामुळे घरच्यांनाही समाधान वाटते. मात्र बासरी ओठांना टेकते आणि वाजवणारा तिच्याजवळच पुढचा श्वास घेतो. म्हणून तिच्या स्वच्छतेचा विचार दातांच्या कवळीइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवा.

हे सांगण्यास कारण आहे. २०१६ साली ‘थोरॅक्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ६१ वर्षांच्या एका बॅगपाइपवादकाची हकिगत प्रसिद्ध झाली. अनेक वर्षे कोरडा खोकला आणि वाढती धाप यांनी ते त्रस्त होते. तीन महिने परदेशी असताना वाद्य बरोबर नव्हते, तेव्हा त्यांना आराम पडला. पुढे वाद्याच्या आतील भागांची तपासणी केली असता तेथे अनेक प्रकारच्या बुरशी आढळल्या. दुर्दैवाने ते वाचू शकले नाहीत. बासरी एका टोकाला आणि छिद्रांपाशी उघडी असल्याने बॅगपाइपच्या पिशवीपेक्षा ती पुष्कळ लवकर वाळते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. बोध मात्र घ्यावा: ओलावा आत कोंडू देऊ नये.

हा ओलावा येतो श्वासातून. उबदार, बाष्पयुक्त श्वास थंड बांबूला लागला की त्याचे पाणी होते. आपल्याकडील मोठ्या बासरीत ते अधिक साठते. पन्नालाल घोष यांनी शास्त्रीय संगीतासाठी रूढ केलेली बासरी सुमारे ३२ इंच लांबीची असते. एवढ्या नळीतले पाणी आपोआप वाळेल, अशा भरवशावर राहू नये.

नित्याची निगा सोपी आहे. वादनापूर्वी साध्या पाण्याने चूळ भरावी. कवळी असल्यास ती धुऊन घ्यावी. वादन संपताच बासरीचे उघडे टोक खाली धरून पाणी निथळू द्यावे. जुन्या धोतराची किंवा सुती साडीची पट्टी बारीक काठीला घट्ट बांधावी, काठीचे टोक कापडाने पूर्ण झाकावे आणि ती नळीतून हलकेच फिरवावी. बंद टोकाचे बूच ढकलले जाणार नाही, याची काळजी घ्यावी, कारण ते सरकल्यास सूर बिघडतो. फुंकरीचे छिद्र कोरड्या फडक्याने पुसावे. त्यानंतर अर्धा तास सावलीत वाळवूनच बासरी सुती पिशवीत ठेवावी. प्लॅस्टिकचे आवरण टाळावे, पावसाळ्यात तर विशेषच. पुसण्याची पट्टीही वरचेवर धुऊन वाळवावी.

बासरी साबणाच्या पाण्यात बुडवू नये, कडक उन्हात ठेवू नये. स्पिरिटने वरचे रोगण उतरू शकते आणि बांबू कोरडा पडतो. डांबराच्या गोळ्याही पिशवीत नकोत. त्यांचा वास श्वासातून आत जातो. वर्षातून एक-दोन वेळा मोहरीच्या किंवा जवसाच्या तेलाचे मोजके थेंब फडक्यावर घेऊन आतून हात फिरवावा, दोऱ्याचे वेढे वगळावेत, काही तासांनी उरलेले तेल पूर्ण पुसावे. जवसाच्या तेलाने माखलेले फडके चुरगाळून ठेवल्यास ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. म्हणून ते बाहेर मोकळे पसरून वाळवावे.

बरेच दिवस न वाजवलेली बासरी ओठांना लावण्यापूर्वी उजेडात धरून पाहावी. आत काळे डाग, कुबट वास किंवा छिद्रांतून गळणारी बारीक भुकटी दिसल्यास ती वाजवू नये. भुकटी ही बांबू पोखरणाऱ्या किडीची खूण असते. दमा, जुनाट फुप्फुसविकार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर बुरशी लागलेली बासरी घासूनपुसून वापरण्याचा मोह टाळावा. सरावासाठी साधी नवी बासरी घ्यावी. जुनीशी आठवणी जडलेल्या असतील. ती भिंतीवर किंवा कपाटात मानाने ठेवावी. नातवंडांनाही शिकायचे असेल, तर त्यांना त्यांची वेगळी बासरी द्यावी.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक शेवटची सूचना. वादनानंतर काही तासांनी वारंवार खोकला, धाप किंवा कणकण जाणवत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना ‘हे रोज बासरी वाजवतात’ एवढे वाक्य आवर्जून सांगावे. छंदाविषयी डॉक्टर प्रत्येक वेळी विचारतीलच असे नाही, आणि निदानाचा धागा कदाचित त्या एका वाक्यातच सापडेल.