दगडाच्या पोटात दडलंय काय?

ऑक्टोबर २०२०. कुंभकोणमहून दोनेक तासांच्या अंतरावर, पेरंबलूर जिल्ह्यातल्या कुन्नम गावी माती उपसताना भलेमोठे गोल दगड वर आले. बघता बघता बातमी पसरली- डायनासोरची अंडी सापडली! बघ्यांची झुंबड उडाली. तज्ज्ञांनी मात्र निर्वाळा दिला: ही अंडी नव्हेत, अमोनाइटभोवती तयार झालेले गोटे आहेत.

अमोनाइट म्हणजे शंखात राहणारा समुद्रजीव. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी या मुलखावर समुद्र होता. मेलेला अमोनाइट तळच्या चिखलात रुतायचा. तो कुजताना भोवतीच्या चिखलात रासायनिक बदल होऊन चुन्यासारखी खनिजं साकळायची आणि शंखाभोवती टणक कवच तयार व्हायचं. कुंभकोणम-तंजावर भागात भोसल्यांच्या काळापासून रुजलेल्या मराठी घरांना ही वस्तू नवी नाही. देव्हाऱ्यातला गंडकीचा शालिग्राम तो हाच! त्यातलं चक्र म्हणजे अमोनाइटच्या शंखाचं वेटोळं.

असा गोटा घरी फोडता येतो का? येतो, पण घाई नको. वाळूच्या पिशवीवर तो नीट बसवावा. जाड कापडानं झाकून, कडेच्या रेषेवर छिन्नी ठेवून हलके ठोके द्यावेत आणि गोटा थोडा थोडा फिरवत राहावं. शंखापाशी दगड कच्चा असतो, त्यामुळे बहुधा तिथंच फुटतो. एका अर्ध्यात शंख राहतो, दुसऱ्यात त्याचा ठसा. दोन्ही अर्धे जपून ठेवावेत. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात सापडणाऱ्या, आत स्फटिक असलेल्या पोकळ गारगोट्याही याच रीतीनं उघडतात.

डोळ्यांवर गॉगल हवाच. कपची उडायला क्षण पुरतो. मुलांना लांब बसवावं. त्याहून मोठा धोका न दिसणारा. गारगोटी म्हणजे सिलिका. इलेक्ट्रिक कटरनं ती कोरडी कापली की बारीक धूळ थेट फुफ्फुसात जाते. गुजरातेत खंबायत इथं अकीक घासणाऱ्या कित्येक कारागिरांना याच धुळीनं सिलिकोसिस जडला. या रोगावर बरं करणारा इलाज नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. कापायचंच असेल तर पाण्याच्या धारेखाली, जाणकाराकडूनच.

आणि एक पथ्य. सात्तनूरला १८ मीटर लांबीचा, दगड झालेला वृक्ष जपून ठेवलाय. अशा राखीव जागी खड्यालाही हात लावू नये. बाहेर गोटा मिळाला तर फोडण्यापूर्वी फोटो काढावा, गाव आणि तारीख लिहून ठेवावी. जागेची नोंद नसलेला अमोनाइट अभ्यासकाच्या फारसा उपयोगी पडत नाही. वेगळंच काही दिसलं तर हातोडी बाजूला ठेवून जवळच्या कॉलेजातला भूगर्भशास्त्र विभाग गाठावा.

दहा कोटी वर्षं मिटलेली मूठ एकदाच उघडते. आणखी चार दिवस थांबलं तर बिघडतं कुठं?