कोरड्यास वाढवा, भाकरी मोजा

मधुमेहाचं निदान झालं की बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यासारख्या गावात घरातला पहिला वाद भाकरीवरून होतो. डॉक्टरांनी ‘भाकरी-भात कमी’ एवढंच सांगितलेलं असतं. भेटायला आलेले पाहुणे म्हणतात, ज्वारीनं साखर वाढत नाही, पोटभर खा. मोबाइलवरचा कुणी सांगतो, धान्याला हातच लावू नका, बदामाच्या पिठाच्या पोळ्या करा. आणि घरातली वडीलधारी म्हणतात, आजाऱ्याचं काय ते वेगळं करून द्या, आमची ताटं आहेत तशी राहू द्या. पहिला सल्ला अपुरा आहे, मधले दोन चुकीचे आहेत आणि शेवटचा अन्यायाचा आहे. माझं म्हणणं असं की कमी कर्बोदकांचं रात्रीचं जेवण आपल्या साध्या घरात, एकाच चुलीवर, सगळ्यांसाठी मिळून होऊ शकतं. त्यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. बदलावी लागते ती वाढण्याची रीत, आणि अवघड तेच आहे.

आधी ज्वारीचं बोलू, कारण तो समज सगळ्यांत खोल रुजलाय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं आहेत. गव्हाच्या कणकेत ६४, बाजरीत ६२, पांढऱ्या तांदळात ७८. तंतुमय भाग ज्वारीत १० ग्रॅम, कणकेत ११. म्हणजे ज्या गुणासाठी ज्वारीची आरती ओवाळली जाते, त्यात ती गव्हाच्या पुढे नाही. ज्वारीचे खरे गुण वेगळे आहेत. बालाघाटाच्या हलक्या-भारी रानात रब्बीच्या ओलीवर शाळू उभा राहतो, कडब्यानं दावणीची जनावरं जगतात, आणि चपातीपेक्षा भाकरीला चावायला वेळ लागतो. हे गुण मला मोलाचे वाटतात. पण शाळूची पांढरीशुभ्र भाकरी पोटात गेल्यावर तिची साखरच होते. आपल्याकडच्या दोन जाडजूड भाकऱ्यांना सव्वाशे-दीडशे ग्रॅम पीठ सहज लागतं. त्यात ८५ ते १०० ग्रॅम कर्बोदकं आली. कमी कर्बोदकांचा आहार म्हणजे दिवसभरात १३० ग्रॅमच्या आत, अशी व्याख्या अनेक अभ्यासक धरतात. मग ‘ज्वारी चालते, कितीही खा’ या वाक्यातल्या ‘कितीही’ला आधार कुठला?

आता दुसरी बाजू. धान्य पूर्ण बंद करणारा कीटो आहार हा उपचार म्हणून जन्मला. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. त्यात दिवसाची कर्बोदकं साधारण २० ते ५० ग्रॅम ठेवतात. म्हणजे एका भाकरीतच दिवसाचा कोटा जवळजवळ संपतो, डाळीलाही जागा उरत नाही. मांस, चीज, बदाम, लोणी यांवर घर चालवणं ज्याला परवडतं त्यानं डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर करावं. पण आपल्या गावातल्या माणसाला ‘एवढं जमलं तरच फायदा, नाहीतर काही उपयोग नाही’ असं सांगणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं. तो आठ दिवस करतो, घरच्यांशी भांडतो आणि पुन्हा तीन भाकऱ्यांवर येतो.

शिवाय एवढ्या टोकाला जाण्याची गरज सिद्ध झालेली नाही. अमेरिकेत ६०९ माणसांवर झालेल्या वर्षभराच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना कमी चरबीचा आणि निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार दिला होता. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनघटीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. या प्रयोगाचा दाखला देऊन काही जण म्हणतात, बघा, कर्बोदकं कमी करण्यात अर्थच नाही. त्यांनी पुढचंही वाचायला हवं. दोन्ही गटांना सारख्याच काही सूचना होत्या: साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, शक्य तितकं घरी शिजवलेलं खा. मग आपल्याकडे कर्बोदकांवरच बोट का ठेवायचं? कारण आपलं ताट त्याच बाजूला कललेलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह-पाहणीत भारतीय माणसाच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा निघाला. याच पाहणीच्या आधारे २०२२ साली संशोधकांनी आकडेमोड केली. नव्यानं निदान झालेल्या मधुमेहींची साखर पूर्ववत व्हावी यासाठी त्यांनी ४९ ते ५४ टक्के कर्बोदकं आणि १९ ते २० टक्के प्रथिनं सुचवली. भाकरी ताटातून हद्दपार करायला त्यांनी सांगितलेलं नाही. ती कमी करायची आणि तिच्या जागी प्रथिनं आणायची, एवढाच त्याचा अर्थ.

मराठी घरांत गेली काही वर्षं आहाराची चर्चा दोन नावांभोवती फिरते. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेला: दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांच्या आत जेवा. त्यांच्यामुळे पारावर बसलेली माणसं इन्सुलिनबद्दल बोलू लागली, आणि हे ऋण मी मानतो. पण ‘किती वेळा’चं उत्तर मिळालं तरी ‘ताटात काय किती’ हा प्रश्न स्वयंपाकघरातच सोडवावा लागतो. ऋजुता दिवेकर सांगतात, आपल्या मातीतलं, आजीच्या हातचं खा, तूप-भाताला घाबरू नका. मातीतलं खा हे मलाही मान्य. मात्र आजीच्या भाकऱ्यांमागे आजीचं दळण, आडाचं पाणी, रानातली खुरपणी होती. ती गेली आणि भाकऱ्यांचा आकडा तेवढा राहिला.

इथेच सर्वांत वजनदार आक्षेप येतो. लोक म्हणतात, ‘आमची माणसं कष्टाची, भाकरी काढून घेतली तर राबायचं कशावर?’ बीड जिल्ह्यात हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेऊ नये. दसरा-दिवाळीला गाव सोडून कारखान्यावर गेलेलं कोयत्याचं जोडपं पहाटे अंधारात ऊस तोडायला लागतं. त्याआधी कोपीतली बाई उठून भाकऱ्या थापते. त्या माणसांना कर्बोदकं मोजायला सांगणं हा गुन्हा ठरेल. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्यांना ताटातली भाकरी कमी होताना पाहून पोटात कालवतं, तेही मी समजू शकतो. पण आक्षेप घेणाऱ्यांनी एवढं पाहावं की कोयता खाली ठेवलेल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या ताटात अजून फडावरच्याच तीन भाकऱ्या पडतात. दिवसभर दुकानात बसणारा, हमरस्त्यावर गाडी चालवणारा, शाळेत शिकवणारा, सगळ्यांच्या ताटात भाकऱ्या तेवढ्याच. भाकरीचा आकडा कष्टावर ठरायला हवा. आज तो सवयीवर ठरतो.

आता वेगळ्या ताटाबद्दल. नवऱ्याला साखर निघाली तर घरातली बाई त्याच्यासाठी वेगळी भाजी, वेगळी कोशिंबीर, वेगळं वरण करते. स्वयंपाक दीडपट होतो, तो तीच करते. साखर तिला निघाली तर तिच्यासाठी वेगळं कोण करतं? बहुतेक घरांत कुणी नाही. तीही स्वतःसाठी वेगळं करत नाही. त्याहून मोठी गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. पंगतीत आधी पुरुष आणि पोरं बसतात. कोरड्यास म्हणजे घुटं, उसळ, अंड्याची आमटी, मटणाच्या फोडी, त्यांच्या ताटांत जातं. बाई शेवटी बसते तेव्हा पातेल्यात तळाचा रस्सा असतो. ती भाकरी, चटणी आणि कांदा खाऊन उठते. म्हणजे घरात सर्वांत जास्त कर्बोदकांचं आणि सर्वांत कमी प्रथिनांचं जेवण शेवटी जेवणाऱ्या बाईचं असतं. हे तिनं निवडलेलं नाही, वाढण्याच्या क्रमानं तिच्यावर लादलंय. ज्या घरात हा क्रम बदलत नाही, त्या घरातला कमी कर्बोदकांचा आहार म्हणजे एका माणसाचे लाड आणि दुसऱ्या माणसाची उपासमार.

मग करायचं काय? एक संध्याकाळ घेऊ. सहा माणसांचं घर. पातळ आमटीला मूठ-दीड मूठ डाळ टाकायची सवय सोडून पाव किलो सालीची उडदाची डाळ शिजवायची, रवीनं घोटायची, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबिरीचं वाटण लावून दाटसर घुटं करायचं. मेथीचा घोळाणा करायचा. त्याला शिजवणंच नाही: कोवळी मेथी आणि कांद्याची पात बारीक चिरून, शेंगदाण्याचा कूट, मीठ, तिखट आणि वरून तेल. वाटीभर दही. भाकरी नेहमीचीच, पण साठ ग्रॅम पिठाची, म्हणजे थोड्या लहान गोळ्याची. साखर असलेल्या माणसानं अशी एक भाकरी खाल्ली तर त्याच्या ताटात सगळं धरून सत्तरच्या आसपास कर्बोदकं आणि पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं येतात. अर्धी खाल्ली तर कर्बोदकं पन्नासवर येतात. दोन्ही वेळा अर्धीवर भागलं आणि चहातली साखर सुटली, तर दिवसाचा आकडा १३० च्या आत राहतो. कडक कीटोवाल्यांना हे कमी वाटेल, पण हे वर्षानुवर्षं चालू शकतं. आणि हेच घुटं, हाच घोळाणा कष्टाला जाणारा मुलगा तीन भाकऱ्यांबरोबर खातो, वाढतं पोर दोन भाकऱ्यांबरोबर खातं. पातेली तेवढीच, चूल एकच, फक्त प्रत्येकाच्या भाकऱ्या वेगवेगळ्या.

दुसऱ्या दिवशी मोडाच्या मटकीची उसळ, तिसऱ्या दिवशी शेवग्याचा किंवा तांदुळजाचा पाला डाळ घालून, कधी अंडी. मटण असेल त्या दिवशी सांभाळायला हवं, कारण रश्श्यात भाकरी कुस्करून खाताना किती भाकऱ्या गेल्या ते कळत नाही. शेंगोळे हुलग्याचे म्हणून निर्धास्त खाऊ नयेत, हुलग्यातही निम्म्याहून अधिक कर्बोदकंच आहेत. पिठलं चालतं, पण त्याच्याबरोबर भाकरीही आणि भातही असं नको, दोन्हींतलं एकच. क्रमही महत्त्वाचा. घोळाणा आणि घट्ट डाळ आधी खाल्ली, भाकरी नंतर घेतली, तर भूक भाकरीच्या आधीच निम्मी शमते. सगळे एकाच वेळी बसावेत आणि कोरड्यास सगळ्यांच्या वाट्या भरून आधी वाटून घ्यावं, करणाऱ्या बाईच्या वाटीसह. वाटी भरल्याशिवाय पातेलं कुणापुढे सरकवू नये.

एक इशारा इथेच द्यायला हवा. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी भाकरी एकदम निम्मी केली तर रात्री साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या गोळ्या चालू असताना धान्य जवळजवळ बंद केलं, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं स्वतःच्या मनानं वाढवू नयेत. गरोदर बाईच्या आणि लहान मुलांच्या भाकरीला तर हातच लावायचा नाही. ताट बदलण्याआधी डॉक्टरांना सांगायचं आणि गोळ्यांचा डोस तपासून घ्यायचा.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. डाळ महाग आहे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदयच्या घराला पस्तीस किलो. पण ते मुख्यतः गहू-तांदूळच. ‘आनंदाचा शिधा’ म्हणून हरभऱ्याची डाळ आली, तीही सणापुरती, आणि शेजारी साखर आणि रवा घेऊनच. याच देशात राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत सांगितलं की धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांवर जाऊ नये. गरिबाच्या घरात जे फुकट येतं ते सगळं धान्य, आणि जे विकत घ्यावं लागतं ती डाळ. अशा घरातल्या बाईला ‘भाकरी कमी कर’ म्हणण्याआधी रेशनच्या दुकानात दर महिन्याला डाळ मिळाली पाहिजे, ही मागणी ग्रामसभेत ठरावानं झाली पाहिजे. आणि ज्यांच्याकडे रान आहे, त्यांनी आपल्याच बांधाकडे पाहावं. खरिपात एकेकाळी उडीद, मूग, तूर घेणारी रानं आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सोयाबीनची झाली. सोयाबीन मोंढ्यावर जातं, तेलाचा डबा घरी येतो, आणि डाळ किराणा दुकानातून किलोच्या भावानं विकत घ्यावी लागते. येत्या मृगाला सोयाबीनमध्ये घरच्यापुरती चार तासं उडदाची आणि दोन तुरीची पेरली, तर वर्षभराच्या घुट्याची निम्मी सोय होते.