नगरपालिकेचा धनी कोण?

गोदावरीकाठच्या गंगाखेडात डिसेंबर 2025मध्ये नगरपरिषदेची निवडणूक झाली. घटना वरकरणी नित्याची. पण तिला झालेला विलंब नित्याचा खचित नव्हता. 2016च्या अखेरीस निवडून आलेल्या राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांची मुदत 2021-22मध्ये संपली आणि परभणी जिल्ह्यासह सर्वत्र कारभार शासननियुक्त प्रशासकांच्या हाती गेला. 1993पासून अमलात आलेल्या 74व्या घटनादुरुस्तीने मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले आहे, हे येथे स्मरणात ठेवणे अगत्याचे आहे.

विलंबाचे कारण म्हणून इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाकडे बोट दाखविले जाते. तो प्रश्न खरा आहे आणि त्या वर्गाचा हक्कही खरा आहे. परंतु मागासलेपणाची स्थानिक आकडेवारी गोळा करावी, ही अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्येच व्यक्त केली होती. मार्च 2021चा निकाल येईपर्यंत हे काम झाले नाही. या अकरा वर्षांत मुंबईत जवळजवळ सर्वच प्रमुख पक्ष सत्तेवर येऊन गेले! अखेर मे 2025मध्ये न्यायालयानेच निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे चक्र हलले.

प्रशासकांचा काळ संपला म्हणून नगरपरिषद स्वतंत्र झाली असे मात्र नव्हे. 1965च्या अधिनियमाने निजामी मुलखातून आलेला जुना कायदा जाऊन सर्व महाराष्ट्राला एकच कायदा मिळाला, ही जमेची बाजू. परंतु त्याच अधिनियमान्वये मुख्याधिकारी राज्य शासनाचा असतो, परिषदेच्या ठरावाला जिल्हाधिकारी स्थगिती देऊ शकतात आणि परिषद बरखास्त करण्याचा अधिकार मंत्रालयाकडे आहे. नगराध्यक्ष कोणी निवडावा हेही गाव ठरवीत नाही. 2001मध्ये थेट निवडणूक आली, पुढे ती गेली. 2016मध्ये परत आली, 2020मध्ये रद्द झाली आणि 2022मध्ये पुन्हा अवतरली. सरकार बदलले की पद्धत बदलते; आणि कोणत्या पद्धतीने आपल्या पक्षाचे अधिक नगराध्यक्ष होतील, याखेरीज त्यामागे दुसरे तत्त्व शोधून सापडत नाही.

सर्वांत मोठी नाडी अर्थातच पैशाची. 1999मध्ये राज्याने नगरपालिकांची जकात रद्द केली. व्यापाऱ्यांचा जाच संपला हे योग्यच झाले. परंतु हक्काचे उत्पन्न जाऊन त्या जागी अनुदान आले. अनुदान म्हटले की हप्ता आला, अट आली आणि ते मंजूर करून आणणाऱ्या आमदाराचा फलकही आला. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026साठी लहान शहरांना दिलेल्या निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून ठेवली. पाणी हवेच, पण मोकळ्या उरलेल्या 40 टक्क्यांत नगरसेवकाने गावाचे नियोजन काय करावे?

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी 18 विषय आहेत. नगरनियोजन त्यांत पहिले. पण ही यादी म्हणजे अधिकार नव्हेत. कोणता विषय कितपत सोपवावा हे विधिमंडळाच्या मर्जीवर आहे. गंगाखेडच्या नव्या परिषदेला विकासाचे प्रश्न विचारले जातील, ते विचारलेही पाहिजेत. मात्र त्यांतील बऱ्याच प्रश्नांचे कागद आजही मुंबईच्या टेबलावर आहेत.