पक्षांतराचा हिशेब

पक्ष सोडणे हे पाप आहे, असे आम्ही मानीत नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्म सोडला, त्याला सोडण्याची भीती कोणी घालू नये. परंतु ज्याने धर्मांतराची किंमत मोजली आहे, त्याला पक्षांतराची किंमत पारखता आलीच पाहिजे. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास घोषणा केली आणि १९५६ साली नागपुरास दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे विचारात आणि अभ्यासात गेली. दीक्षेनंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना नाकारण्यात आल्या. त्या मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. ते स्थित्यंतर सौद्याचे नव्हते. आपण काय गमावतो आणि आपल्या माणसांस काय मिळते, हा प्रश्न त्यात आधी सोडविला गेला होता. हाच प्रश्न आज आम्ही दिव्यांगांच्या नावाने होणाऱ्या राजकारणास विचारू इच्छितो.

वरळीकरांना हा विषय परका नाही. अंध मुलांचे हॅपी होम १९२५ पासून, तर नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ पासून कार्यरत आहे, आणि दोहोंचा पत्ता वरळीचाच आहे. हाजीअलीस अपंगांच्या पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था १९५५ सालची आहे. आणि याच वस्तीत बी.डी.डी. चाळींच्या तीन-तीन मजल्यांवर, उद्‌वाहनावाचून, अधू पायांची माणसे वर्षानुवर्षे कोंडून राहिली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा काहींच्या वाट्याला प्रथमच जिन्याविना घर आले असेल.

महाराष्ट्रात दिव्यांगांचा प्रश्न विधानसभेत आणि रस्त्यावर सातत्याने मांडणारे नेते म्हणून अचलपूरचे बच्चू कडू यांचे नाव घ्यावे लागते. प्रहार पक्षाचे हे प्रमुख २०१९ साली महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले. जून २०२२ मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्यासमवेत गेले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते राज्यात सुरू झाले. समर्थकांनी म्हटले, बाजू बदलली म्हणून खाते मिळाले. विरोधकांनी म्हटले, खात्याचे निमित्त करून बाजू बदलली. पुढे २०२४ साली कडू महायुतीतून बाहेर पडले आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत पराभूत झाले. जून २०२५ मध्ये ते मोझरी येथे उपोषणास बसले. दिव्यांगांना दरमहा सहा हजार रुपये मिळावेत, ही त्यांच्या मागण्यांतील एक मागणी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने दिव्यांगांचे अर्थसाहाय्य १,५०० वरून २,५०० रुपये केले.

या घटनाक्रमातून एक गोष्ट निष्पक्षपणे मान्य केली पाहिजे. खाते निर्माण झाले ते नेता सत्तेत असताना. वाढ झाली ती तो सत्तेबाहेर असताना. तेव्हा बाजू बदलण्यानेच सर्व मिळते हे खरे नाही, आणि त्याने काहीच मिळत नाही हेही खरे नाही. पक्षांतरबंदीचा कायदाही येथे वाट दाखवीत नाही. १९८५ सालचे दहावे परिशिष्ट आमदारास त्याच्या पक्षाशी बांधते. मतदारास दिलेल्या वचनाशी बांधीत नाही. स्वतःच्याच लहान पक्षाचा प्रमुख एका आघाडीतून दुसरीत गेला, तर तो कायदा बहुधा मुकाच राहतो.

आता आमच्या कचेरीतील एक प्रसंग. २०२४ च्या निवडणुकीपूर्वी बी.डी.डी. चाळीतील एक भगिनी आपल्या मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन आल्या. संजय गांधी निराधार योजनेच्या रकमेला त्या ‘पगार’ म्हणत. त्यांनी विचारले, “वकीलसाहेब, कोणाला मत दिलं तर याचा पगार वाढेल?” आम्ही उत्तरादाखल दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ उघडला. त्याचे कलम २४ सांगते की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारे साहाय्य तशाच योजनांत इतरांना मिळणाऱ्या साहाय्याहून किमान २५ टक्क्यांनी अधिक असावे. योजना सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत कराव्यात, असे त्याच कलमात म्हटले आहे, हे खरे. पण एकदा योजना केली की २५ टक्क्यांचे परंतुक स्पष्ट आहे. त्या वेळी निराधार विधवेस १,५०० रुपये मिळत आणि दिव्यांगासही १,५०० च मिळत. कायद्याच्या हिशेबाने १,८७५ मिळावयास हवे होते. महिन्यास ३७५ रुपयांची तूट, म्हणजे दोन वर्षांचे नऊ हजार.

ती माउली थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हे आम्हांला आजवर कोणी सांगितलं का नाही?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. तो आम्ही वाचला होता. ज्या चाळींतून आमचे पक्षकार येतात, तेथे जाऊन तो समजावून सांगण्याचे आम्हांस सुचले नव्हते. पुढाऱ्यांना दोष देताना आम्ही शिकलेल्यांनी हा दोष आधी आपल्या पदरी घेतला पाहिजे.

यातच सर्व विषयाचे मर्म आहे. नेता कोणत्या गाडीत बसतो, हे पाहण्यात आम्ही दंग राहिलो, आणि आमचा हक्क कायद्याच्या पुस्तकात तसाच पडून राहिला. स्वतंत्र खाते झाले, मंत्रालयात पाटी लागली. तरी २०२५ च्या वाढीपर्यंत निराधार योजनेत दिव्यांगाची रक्कम इतरांएवढीच राहिली. खाते हे साधन आहे. अनुदान ही मर्जी ठरू शकते. आज वाढते, उद्या थकते. हक्क तेवढा असा आहे की, तो मागण्यासाठी कोणाचा झेंडा खांद्यावर घ्यावा लागत नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. १९४७ साली ते ज्यांच्याशी आयुष्यभर झगडले, त्या काँग्रेसच्या मंत्रिमंडळात गेले. पण शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन त्यांनी सोडले नाही. हिंदू कोड बिल रखडविले गेले, तेव्हा १९५१ साली त्यांनी राजीनामा दिला. जाताना पद मिळाले, येताना पद सोडले. दोन्ही वेळी माप एकच होते, ते कार्याचे.

तेच माप आपण हाती धरावे. कोणी पुढारी दिव्यांगांच्या नावाने इकडून तिकडे गेला, तर त्यास तीन प्रश्न विचारावेत. पद तुम्हांस मिळाले की हक्क आम्हांस मिळाला? जे मिळाले ते कायद्यात आहे की भाषणात? आणि तुम्ही उद्या पुन्हा बाजू बदलली, तर ते आमच्याजवळ राहील काय?

घरात दिव्यांग व्यक्ती असेल, तर तिचे प्रमाणपत्र प्रथम काढावे. ४० टक्क्यांची अट बहुतेक लाभांना आहे. सरकारी नोकरीत किमान ४ टक्के, तर उच्च शिक्षणात आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण या कायद्याने दिले आहे. नोकरीतील हे आरक्षण आडवे असल्यामुळे अनुसूचित जातीचा उमेदवार आपल्या प्रवर्गात राहूनच दिव्यांग म्हणून ते मागू शकतो. जातीच्या दाखल्यासोबत हे प्रमाणपत्रही जोडावे. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. दर पंधरवड्यास विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास हा कायदा वाचावा. वाचणारा न मिळाल्यास आम्हांस बोलवावे, आम्ही येऊ.

त्या भगिनीचा प्रश्न दुसऱ्या कोणत्याही मातेस विचारावा लागू नये, एवढे जरी आपण केले, तरी मत मागावयास येणाऱ्याची मान आपल्या दाराशी आपोआप खाली लवेल.