दीड हजारात किती खाडे?

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यात नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. लग्नघर शेतकऱ्याचं. कापसाची वेचणी अजून उरकलेली नव्हती आणि घरात सगळ्यांच्या तोंडी एकच तक्रार, 'बाया मिळेनात.' काकू तर स्पष्टच म्हणाल्या, "सरकारनं दीड-दीड हजार खात्यात टाकले, रेशन फुकट केलं. आता कशाला येतेत त्या रानात?"

हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. खरं सांगायचं तर कामवाली चार दिवस आली नाही की आपणही म्हणतोच. म्हटलं, ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांनाच एकदा विचारावं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्याच रानात गेले.

सात जणी होत्या. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात चालू. वेचणीचे पैसे किलोवर, त्यामुळे गप्पांसाठी कुणी थांबत नाही. बोलायचं तर त्यांच्या बरोबरीनं तासातून पुढे सरकायचं. 'लाडक्या बहिणीचे पैसे येतात का?' असं विचारलं तर सगळ्या हसल्या. पन्नाशीच्या एक मावशी म्हणाल्या, "येतेत की. पाच खाडे बसतेत त्याच्यात."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी हिशेब सांगितला. निंदणी-खुरपणीला त्या भागात बाईची हजेरी तीनशे रुपये. दीड हजार म्हणजे पाच दिवसांची मजुरी. महिन्यात पाच दिवस अंगावर काढायची गरज नाही. "मागं ताप आला तर दोन दिवस पडून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा," मावशी म्हणाल्या. दुसऱ्या एकीचे पैसे बचत गटाच्या हप्त्यात जातात. तिसरीचे मुलीच्या एसटीच्या पासला आणि वह्यांना. पण पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात येतात, नवऱ्याला विचारावं लागत नाही, याचं अप्रूप सगळ्यांनाच होतं. काम सोडल्याचं म्हणाल तर त्या सातही जणी आठ वाजल्यापासून रानातच होत्या! बाया मिळत नाहीत याचं कारण मावशींनी वेगळंच सांगितलं. सगळ्यांचा कापूस एकाच वेळी फुटतो, आणि निम्मं गाव दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेलं असतं.

आपण योजनेची रक्कम मोजतो, त्या खाडे मोजतात. आणि खाडे फक्त मिळतातच असं नाही, जातातही. सप्टेंबर २०२५ पासून 'लाडकी बहीण'साठी केवायसी सक्तीचं झालं. त्यात नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागू लागलं. कधी सर्व्हर बंद, कधी मोबाईलवर ओटीपी येईना. विधवांचं काय करायचं हे तर नंतर सुचलं, मग त्यांच्यासाठी वेगळी सोय आणि मुदतवाढ करावी लागली. त्या सात जणींतल्या एका विधवा बाईचे तालुक्याला जाण्यायेण्यात तीन दिवस गेले होते. म्हणजे नऊशे रुपये, शिवाय गाडीभाडं. आणि काम झालेलं नव्हतंच.

रेशनचंही तसंच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कार्डावर कुटुंबप्रमुख झाली, ही फार चांगली गोष्ट. जानेवारी २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य मोफत आहे, तेही बरंच. पण दुकानात यंत्रावर अंगठा लागायला हवा ना! बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली, खुरप्यानं रेषा झिजलेल्या. "थम उमटत न्हाई," म्हणत एकीनं मला हात दाखवला. ती लेकाला सोबत नेते, त्याचा अंगठा लागतो. म्हणजे कुटुंबप्रमुख ती, पण ओळख पटते लेकाची.

सगळ्यात अवघड हिशेब निराधारांचा. संजय गांधी निराधार योजना १९८० पासूनची. २०२३ मध्ये तिचं अनुदान दीड हजार झालं, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजारच राहिली. आता बघा, तीनशे रुपये रोजानं सत्तर दिवस काम केलं की २१ हजार होतात. वर्षात सत्तराहून जास्त दिवस रानात गेलेली विधवा खरा दाखला काढायला गेली, तर ती निराधार उरत नाही. तेवढ्याच दीड हजाराच्या 'लाडकी बहीण'ला मात्र उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली. दाखला २१ हजारांच्या आत कसा बसवायचा हे मग गावात कुणीतरी सांगतं, आणि ते फुकट सांगत नाही.

काकूंना संध्याकाळी मी एकच विचारलं. काकांच्या नावावर सातबारा आहे. त्यांना केंद्राचे वर्षाला सहा हजार २०१९ पासून मिळतात, राज्याचे आणखी सहा हजार २०२३ पासून. त्यामुळे काका आळशी झाले का? काकू हसल्या, पण उत्तर दिलं नाही. त्या पैशाला 'सन्मान' म्हणतात. ज्या बाईच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तिनं चाळीस वर्षं कापूस वेचला तरी ती त्या यादीत शेतकरी नसते.

एका योजनेबद्दल मात्र मावशींचा सूर वेगळा होता. 'रोजगार हमी' म्हणताना त्या "आमची हमी" म्हणाल्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांची आई पाझर तलावावर पाट्या वाहायला होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा महाराष्ट्रानं पुढे कायदा केला, आणि देशाचा कायदा व्हायला २००५ उजाडलं. आपल्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो १९७५ मध्ये या हमीसाठीच सुरू झाला. रानात पुरुषाला जास्त आणि बाईला कमी मजुरी असते. हमीवर दोघांना दर एकच. पैसे महिनोन् महिने उशिरा येतात, मस्टरवर खोटी नावंही असतात, हे त्याच सांगतात. तरीही त्यांच्या लेखी ते दिलेलं नाही, मागून घ्यायचं आहे.

मी परत आले, आणि त्याच महिन्यात संसदेनं २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभराचे सव्वाशे झाले. पण पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातले ६० दिवसांपर्यंत ही कामं बंद ठेवायची, अशी तरतूदही त्यात आहे. काकूंच्या तक्रारीला दिल्लीपर्यंत वजन आहे म्हणायचं! वेचणीच्या दिवसांत तसंही हमीवर कोण जातं, असं कुणी म्हणेल. पण 'परवडलं नाही तर तिकडे जाईन' असं म्हणायची सोय असते, म्हणूनच रानातली हजेरी वाढते. ती सोय नेमकी हंगामातच काढून घेतली, तर बाईनं भाव कशाच्या जोरावर मागायचा?

निघताना मी त्यांना सांगितलं होतं की काम मागितल्याची तारखेसह पावती घ्यायची असते. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता द्यावा लागतो, आणि ते दिवस त्या तारखेपासून मोजतात. सातपैकी एकीनंही अशी पावती कधी पाहिलेली नव्हती. ओटी रिकामी करता करता मावशींनी विचारलं, "मागितली तर देतेत का ओ, ताई?"