सही एकाची, काम दुसऱ्याचे

वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागण्याची पद्धत आम्हांस योग्यच वाटते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने घातलेले परवान्याचे बंधन आजच्या केंद्रीय नियमांतही कायम आहे. रत्नागिरीस तर त्याची गरज अधिक. येथील खाऱ्या हवेत तांब्याचे जोड हिरवे पडतात. उन्हाळ्यात जांभा सुकला की अर्थिंग नावापुरते उरते.

परंतु परवाना, नूतनीकरण, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाचे वेतन आणि मापनयंत्रे यांचा भार वाहणारा ठेकेदार महाग पडतो. मग घरमालक काम स्वस्त वायरमनकडून उरकतो व परवानाधारकाची केवळ सही विकत घेतो. संगमरवरी फरशीवर हात सैल सोडणारे आम्ही सुशिक्षितच येथे काटकसर करतो, हे नवलच!

छोट्या ठेकेदारांचे शुल्क सरकारने खुशाल हलके करावे. मात्र अर्थिंगचा व तारांच्या आवरणाचा रोध प्रत्यक्ष मोजून आकडा लिहिल्याविना अहवाल स्वीकारू नये. त्यावर काम करणाऱ्या वायरमनचाही परवाना क्रमांक असावा आणि एक प्रत घरमालकाच्या हाती पडावी.